कोकण की अंदमान

सुहास आणि शलाका देवस्थळी यांनी दोन हिवाळे शिडाच्या बोटीवर संसार केला. सुहासने सरकारी कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी मुदतीआधी सोडली, शलाकाने कॉलेजातली, आणि बेंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या घराला कुलूप लावून दोघं निघाली. पहिला हिवाळा कोकणच्या किनाऱ्यावर गेला, दुसरा श्रीलंकेला वळसा घालून अंदमानात. मग बोट कोचीला ठेवून पावसाळ्यापुरती ती दोघं घरी परतली. यापुढचे हिवाळे कोकणात काढायचे की अंदमानात, ते घरी बसून ठरवायचं होतं.

ते ठरलंच नाही.

"तिकडे नांगर टाकला की तळाच्या वाळूवर पडलेला दिसतो," सुहास म्हणायचा. "कोकणात खाडीचं गढूळ पाणी. तोंडाशी गाळ, भरतीची वाट बघत ताटकळायचं. रात्री कोळ्यांच्या जाळ्यांची धास्ती."

"पण खाडीत शिरलं की माणसं भेटतात," शलाका म्हणायची. "ताजी भाजी मिळते, कुणी जेवायला बोलावतं. तिकडे आठवडाभर तुझ्याशिवाय कुणाचा आवाज नाही."

जेवताना, फिरायला जाताना, संपिगे रोडवर भाजी घेताना हाच विषय निघे. हळूहळू तो निघेनासा झाला. पावसाळा संपला, वारे फिरले, कोचीहून बोट तयार असल्याचा फोन आला. "दिवाळीनंतर बघू," सुहास म्हणाला. शलाकाने मान डोलावली.

संक्रांतीच्या सुमारास सुहासला चक्कर यायला लागली. कानाच्या आतला दोष निघाला. घरात भिंत धरून चालावं लागे. आता बोटीचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उन्हाळ्यात बोट विकायला काढली.

ती घेतली कोरमंगलात राहणाऱ्या प्रांजली आणि आशय या तरुण जोडप्याने. व्यवहार झाल्यावर एका रविवारी दोघं मल्लेश्वरमला भेटायला आली. इंजिनच्या खोडी, शिडांची दुरुस्ती, सगळं विचारून झालं. कॉफी पिताना प्रांजली म्हणाली, "काकू, पहिला सीझन कुठे करू? कोकण की अंदमान?"

शलाका कोकणच म्हणणार, हे सुहास धरूनच बसला होता.

"अंदमान," शलाका म्हणाली. "अंगात ताकद आहे तोवर लांबचं उरकून घ्या. सकाळी हे पाण्यात उतरायचे आणि मला डेकवरून यांच्या पायाची बोटंसुद्धा दिसायची. तसं पाणी मी पुन्हा पाहिलं नाही."

पाहुणे रिक्षात बसून गेल्यावर सुहास दारातच थांबला.

"तुला तिथे करमत नव्हतं ना?"

"नव्हतंच करमत."

"मग त्यांना अंदमान का सांगितलंस?"

"करमत नव्हतं म्हणजे नको होतं असं नाही, सुहास. एक वर्ष तिकडे, एक वर्ष इकडे, असं मी म्हणणार होते. तू एकदा विचारशील म्हणून थांबले."

सुहासने चौकट घट्ट धरली. "कोचीहून फोन आला ना, तेव्हा मी म्हणणारच होतो, कोकण तर कोकण. पण तू एकदा तरी अंदमानाचं बरं बोलशील, असं वाटलं. हट्टच म्हण."

"आता ते बोलून काय होणार?" ती म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. तिने कपबशा उचलल्या आणि आत गेली.

आशयला रजा कमी मिळाली, म्हणून ती दोघं शेवटी कोकणातच गेली. हिवाळ्यात प्रांजलीचे फोटो येऊ लागले. एकात खाडीकाठचा जुना धक्का होता आणि भाजीची टोपली घेतलेली एक बाई हसत उभी होती.

"अगंबाई, ही अजून तिथेच बसते," शलाका म्हणाली.

सुहासने फोटो जवळ घेऊन पाहिला. "कोण ही?"

"तुला कशी माहीत असणार? त्या धक्क्यावर तू उतरलाच नाहीस. दिवसभर इंजिनापाशी असायचास."

ते खरं होतं. त्या खाडीतलं त्याला आठवत होतं ते एवढंच, की डिझेलचा पाइप गळत होता.

"सांग ना," तो म्हणाला.

शलाका खुर्ची ओढून बसली आणि त्या बाईबद्दल, तिच्या घरी जेवलेल्या त्या दुपारबद्दल सांगू लागली. त्या हिवाळ्यात हे ऐकायला सुहासला इंजिनापासून सवड नव्हती.