बाईंच्या सात निवडणुका

शिंपी मास्तरांची बायको पहिल्यांदा निवडणुकीला उभी राहिली ती नळाला पाणी नव्हतं म्हणून. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात ती नर्स होती. वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, हातपंप खाली अंगणात, आणि मधे चौतीस पायऱ्या. चौदा महिने तिने अर्ज केले. अर्जांना उत्तरं आली, नळाला पाणी आलं नाही. एक दिवस दुपारी ती दुकानात आली आणि मशीनवर वाकलेल्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी आमदारकीला उभी राहते."

मास्तरांच्या तोंडात दोन टाचण्या होत्या. त्या काढून त्यांनी उशीत खोचल्या आणि विचारलं, "कधी?"

"याच वेळी."

"बरं," मास्तर म्हणाले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. ही बाई 'करते' म्हणाली की ते अर्धं झालेलं असतं, हे त्यांना कळून चुकलं होतं. नोकरीचा राजीनामा तिने आदल्या दिवशीच दिला होता, तेवढं मात्र त्यांना संध्याकाळी शेजाऱ्याकडून कळलं.

अपक्ष म्हणून तिला चिन्ह मिळालं बादली. समोर ठेकेदार होता, दोनदा निवडून आलेला, गावातले निम्मे रस्ते त्याने बांधलेले आणि उरलेले निम्मे उखडलेले. तो सभेत म्हणायचा, "बादलीला बूड आहे का ते आधी बघून घ्या." लोक पोट धरून हसायचे. मास्तरही एकदा हसले आणि मग कोणी बघितलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघू लागले.

निकाल लागला. सहाशे अकरा मतं, अनामत जप्त. मास्तरांची आई दारात बसून होती. सून चपला काढत होती तेव्हा म्हातारी म्हणाली, "सहाशे अकरा वेडी माणसं आहेत म्हणायची गावात. मला वाटत होतं, सगळी आपल्याच घरात आहेत."

"तुमचं मत कुठे पडलं, आई?"

"ते विचारायचं नसतं. गुप्त असतं ना?" असं म्हणून म्हातारी आत गेली. पण सुनेला आंघोळीचं पाणी तिने स्वतः काढून दिलं, आणि मास्तर काय ते समजले.

त्या सहाशे अकरांचा ठेकेदाराने धसका घेतला असावा, कारण दोन महिन्यांत वॉर्डातल्या नळाला पाणी आलं. आता ही घरात स्वस्थ बसेल असं मास्तरांना वाटलं. पण संध्याकाळच्या शेवटच्या बसने घरी जाणाऱ्या बायकांसाठी थांब्यावर दिवा नव्हता. दिवा लागला, तर शाळेत फळे नव्हते. एकाला दोन कामं फुटत गेली. तोपर्यंत गावात तिला सगळे 'बाई' म्हणू लागले होते, आणि मास्तरही चारचौघांत 'बाई आल्या का?' असं विचारू लागले होते. दुसऱ्या निवडणुकीत बाई चार हजारांनी पडल्या. तिसऱ्यात सत्त्याऐंशी मतांनी आल्या. मोजणी तीनदा झाली आणि तिन्ही वेळा सत्त्याऐंशीच निघाली. "एवढीशीच?" म्हातारीने विचारलं. "कापड एक बोट जास्त असलं तरी पुरतं, आई," मास्तर म्हणाले. चौथ्या वेळी ते एक बोट नऊ हजार मतांचं झालं.

त्या वर्षांत मास्तरांच्या आयुष्यात फार काही बदललं नाही. हमरस्त्यावर दवाखान्याच्या वळणाशी त्यांचं दहा फुटांचं दुकान होतं, वडिलांनी थाटलेलं. समोर काचेचं कपाट, आत दोन मशिनं, कोपऱ्यात इस्त्री, भिंतीवर गिऱ्हाइकांच्या मापांची वही खिळ्याला टांगलेली. बाई अधिवेशनाला राजधानीत गेल्या की ते दुकानातच जेवायचे. तक्रारी घेऊन येणारे लोक दुकानातच यायचे, आणि माप घेता घेता मास्तर त्या ऐकून घ्यायचे. पॅन्ट शिवायला आलेला माणूस पेन्शनचं गाऱ्हाणं सांगून जायचा, आणि पेन्शनचं गाऱ्हाणं घेऊन आलेला जाताना पॅन्ट शिवायला टाकायचा. बाई परत आल्या की मास्तर सगळं सांगायचे. बाई ऐकता ऐकता झोपायच्या, आणि सकाळी उठून एकूण एक कामं लक्षात ठेवून निघायच्या. हे कसं जमतं, हे मास्तरांना कधीच उमगलं नाही.

मग ती दुपार आली. हमरस्ता मुळात बैलगाड्यांच्या जमान्यातला, दोन्हीकडून दुकानं पुढे सरकलेली. मालाचा एक ट्रक आडवा अडकला आणि त्याच्यामागे दवाखान्याची गाडी. आत एक पोरगी बाळंतपणाच्या कळा देत होती. गाडी नेमकी मास्तरांच्या दुकानासमोर उभी, आणि दवाखाना तिथून डोळ्यांना दिसत होता. बाई दुकानात बसून पत्रं चाळत होत्या. त्यांनी कागद टाकले, बाह्या वर केल्या आणि गाडीत चढल्या.

"मास्तर, स्वच्छ कापड द्या. भरपूर."

मास्तरांच्या हाताशी एका नवरदेवाच्या कोटाचं पांढरंशुभ्र अस्तर होतं, नुकतंच बेतलेलं. त्यांनी ते तसंच दिलं. पाऊण तासाने ट्रक हलला तोवर गाडीत दोघांचे तिघं झाले होते. बाळ आधी रडलं नाही. बाईंनी त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, आणि जेव्हा ते रडलं तेव्हा रस्त्यावरचे दुकानदार, हमाल, ट्रकचा ड्रायव्हर सगळे जागीच उभे होते. मास्तरांना त्या दिवशी पुढे एकही टाका सरळ घालता आला नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी एका सकाळी मास्तर दुकान उघडायला गेले, तर भिंतीवर लाल रंगाची मोठी फुली होती. शेजारच्या चपलांच्या दुकानावर होती, पलीकडच्या भांड्यांच्या दुकानावर होती. मोजणी खात्याचा माणूस टेप गुंडाळत होता. तो ओशाळून म्हणाला, "मास्तर, रस्ता रुंद होतोय. साहेबांनी नकाशात इथे थोडं वळण काढलं होतं, तुमचं दुकान वाचत होतं. बाईंनी ते खोडून रेघ सरळ केली. तुम्हाला ठाऊक असेलच."

"आहे की," मास्तर म्हणाले, आणि कुलूप न उघडताच घरी आले.

बाई जेवायला बसत होत्या. मास्तरांनी विचारलं, "रेघ तू सरळ केलीस?"

"हो."

"मला आधी सांगितलं असतंस तर?"

"तुम्ही हो म्हणाला असता," बाई म्हणाल्या. "पण समजा नाही म्हणाला असता, तर मला ते करता आलं नसतं. म्हणून नाही विचारलं."

मास्तर म्हणाले, "मला हो म्हणायची संधी तरी द्यायचीस."

सभागृहात मंत्र्यांना निरुत्तर करणाऱ्या बाई पानावरून उठल्या. पान तसंच राहिलं.

त्या दिवसापासून मास्तर बायकोशी बोलेनासे झाले. बोलायचं झालं तर आईमार्फत. "आई, तिला सांग, राजधानीहून फोन होता." बाई दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या असायच्या. म्हातारी वैतागून म्हणाली, "मी काय टपालखातं आहे? दुकान माझ्या नवऱ्याचं होतं, रुसायचं तर मी रुसायला हवं. मी रुसले नाही, तू कशाला फुगून बसलायस?" पण मास्तरांचं मन दुकानासाठी रुसलंच नव्हतं.

दुकान पडलं. दोन मशिनं घराच्या ओसरीत आली. काचेचं कपाट दारातून आत जाईना, ते त्यांनी भांडीवाल्याला देऊन टाकलं. आणि तेवढ्यात पाचवी निवडणूक आली.

आता हमरस्त्यावरचे सगळे दुकानदार ठेकेदाराच्या बाजूला. चपलावाला एक दिवस ओसरीवर आला. तीस वर्षांचा शेजार, दोघं एकाच शाळेत नापास झालेले. म्हणाला, "मास्तर, शनिवारी सभा आहे. तुम्ही नुसतं स्टेजवर बसा. एक शब्द बोलू नका. आमदारबाईंचा नवराच आमच्याकडे बसलाय म्हटल्यावर काम फत्ते."

"येतो," मास्तर म्हणाले.

शनिवारी ते गेले. मापाची टेप गळ्यात तशीच राहिली होती. स्टेजवर खुर्ची दिली, ठेकेदाराने स्वतः हात धरून बसवलं. दोन भाषणं झाली. मग मास्तर उठले आणि माइकसमोर जाऊन उभे राहिले. त्यांना थांबवावं की नाही हे कोणाला सुचेना. जन्मात त्यांनी भाषण केलं नव्हतं. माप घेताना आकडे मोठ्याने म्हणायचे, तेवढीच सवय.

"माझं दुकान गेलं," ते म्हणाले. "बापाचं दुकान. बायकोने मला विचारलं नाही, त्याचा मला राग आहे. तो राग मी घरी काढतोय. त्यात तुम्ही कोणी पडू नका." लोक हसले. मास्तर थांबले, टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "पण ती गाडी अडली तेव्हा तुम्ही सगळे होतात तिथे. चपलावाले होते, भांडीवाले होते. पोर रडेना तेव्हा आपण काय करत होतो? उभे होतो. तिच्या रेघेत वाकडं काही नाही. मी शिंपी आहे, मला रेघ कळते."

एवढं बोलून ते स्टेजवरून उतरले आणि चालत घरी आले. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. बाई ओसरीवर उभ्या होत्या.

"काय बोललात?"

"आईला विचार," मास्तर म्हणाले. पण म्हणताना हसू फुटलं, आणि अबोला तिथेच संपला.

भाषणाने निवडणूक जिंकता येत नाही. बाई दोन हजार तीनशे चाळीस मतांनी पडल्या. हमरस्त्याच्या केंद्रावर तर पार धुव्वा उडाला. फक्त चपलावाल्याने पुढे शपथेवर सांगितलं की त्याचं मत बाईंनाच होतं, आणि मास्तरांनी ते खरं धरलं.

पुढची पाच वर्षं बाई घरी होत्या. मास्तर कोणाला सांगत नसत, पण ती त्यांची सुखाची वर्षं होती. म्हातारी त्याच काळात गेली, आणि शेवटचे चार महिने सुनेच्याच हाताने जेवली. बाई काज-बटणं करायच्या, आणि वाईट करायच्या. मास्तर त्या बाहेर गेल्या की उसवून पुन्हा लावायचे. पण दूरदर्शनवर अधिवेशन लागलं की बाईंचा हात थांबायचा आणि ओठ हलायचे. समोरचा मंत्री चुकीचा आकडा सांगायचा आणि बाई ओसरीतून दुरुस्त करायच्या. मास्तर हे बघायचे. पिंजऱ्यातली मैना म्हणावं तर दार उघडंच होतं.

निवडणुकीला तीन महिने असताना एक दिवस बाई मशीनसमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "अहो, उभी राहू का?"

मास्तरांनी मशीन थांबवलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. "विचार करून सांगतो," ते म्हणाले.

दोन दिवस त्यांनी सांगितलं नाही. बाई घरात येरझाऱ्या घालत होत्या. तिसऱ्या दिवशी चहा पिताना त्या म्हणाल्या, "झाला का विचार?"

"तो परवाच झाला होता," मास्तर म्हणाले. "हो म्हणायला जरा मजा येत होती, म्हणून लांबवलं."

त्या वेळी बाई बाराशे सहा मतांनी आल्या. त्यात रुंद रस्त्याचा वाटा किती आणि ठेकेदार आणि त्याचा मेहुणा एकमेकांविरुद्ध उभे राहिले त्याचा किती, हे कोणी सांगू शकत नाही. सातव्या वेळी मात्र चौदा हजारांनी आल्या आणि निकालाच्या दिवशीच जाहीर करून टाकलं की ही शेवटची.

शेवटच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मास्तर राजधानीला गेले. इतक्या वर्षांत ते सभागृह त्यांनी पाहिलं नव्हतं. प्रत्येक वेळी कोणाचा ना कोणाचा कोट द्यायचा असायचा. प्रेक्षकांच्या सज्जात त्यांना पहिल्या रांगेत जागा मिळाली. अध्यक्षांनी बाईंची कारकीर्द वाचून दाखवली: सात निवडणुका, चार विजय, तीन पराभव, विचारलेले प्रश्न दोन हजारांच्या वर. मास्तरांना ते ऐकताना दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट चालली आहे असं वाटलं. मग बाई आभार मानायला उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दोन अधिवेशनं राहिलं आहे. नदीपलीकडच्या वस्तीच्या होडीचा. ते आधी मिळेल का?"

"बाई, आज निरोपाचा दिवस आहे," अध्यक्ष म्हणाले.

"उत्तर मिळालं की निघते."

सभागृह हसलं. संबंधित मंत्र्याने कागद शोधायला माणूस पाठवला. कागद येईपर्यंत बाई उभ्याच राहिल्या, पाय दुखत असूनही. मास्तरांना वरून त्यांच्या कोटाची पाठ दिसत होती. तो त्यांनीच शिवला होता. डावा खांदा किंचित उतरलेला, कारण बाईंचा डावा खांदाच बादल्या उचलून उतरलेला होता. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरल्यासारखं केलं. होडी पावसाळ्याआधी मिळेल असं उत्तर आलं. बाईंनी तारीख विचारून लिहून घेतली, आणि मगच आभार मानले.

परत येताना बसमध्ये बाईंनी विचारलं, "उद्या किती वाजता उठायचं?"

"जाग येईल तेव्हा."

दुसऱ्या दिवशी पाचला उठून बाईंनी मास्तरांचा दोऱ्यांचा खण उपसला आणि सगळी रिळं रंगवार लावून ठेवली. मास्तरांना आठवडाभर काही म्हणजे काही सापडत नव्हतं. तक्रार न्यावी, तर गावाचा नवा आमदार अजून निवडून यायचा होता.