दुमडलेलं टोक

मॅनेजरने पेपरात आलेला फोटो मोठा केला, अजून मोठा केला. शेवटी भिंतीवरच्या टीव्हीत चिकटपट्टीचं फक्त एक टोक उरलं.

"नीट बघा. टोक दुमडलंय. आपल्याकडे अशी पट्टी कोण लावतं?"

डायलिसिसच्या वॉर्डात काम करणारी जवळजवळ सगळी माणसं त्या खोलीत कोंबल्यासारखी उभी होती. सगळ्यांत मागे मोठी सिस्टर होती, बावीस वर्षांची नोकरी आणि दोन दुखरे गुडघे घेऊन. फोटो तिनेच काढला होता.

फोटो होता फिल्टरचा. यंत्रात रक्त गाळणारी ती नळी. ज्याची त्यालाच धुऊन पुन्हा लावतात, ते चालतं, पण किती वेळा त्याला मर्यादा असते. इथे मर्यादा आली की जुन्या लेबलवर चिकटपट्टीने नवं लेबल बसायचं, आणि मोजणी परत एकपासून सुरू. दोन पेशंट थंडी वाजून तापाने फणफणले. मोठ्या सिस्टरने तोंडी सांगितलं, लिहून दिलं. मॅनेजर म्हणाला, बघतो. त्याचं बघणं कसलं असतं ते वॉर्डातल्या फरशीलाही ठाऊक होतं.

मग तिने लेकीला गाठलं. लेक कॉम्प्युटरवाल्या ऑफिसात होती. एका वर्तमानपत्राने इंटरनेटच्या आतल्या अंगाला, नाव न सांगता माहिती टाकायची एक पेटी ठेवली होती. नेहमीसारखं शोधून ती सापडत नाही, वेगळाच ब्राउझर लागतो. आईला ते काही झेपेना, तेव्हा लेक म्हणाली, "असं समज, एक चिठ्ठी तीन पाकिटांत घातली. पहिला माणूस वरचं पाकीट फोडून दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. कुणाकडून आली आणि कुठे चालली, हे दोन्ही एकाच माणसाला कधीच कळत नाही."

फोटोच्या पोटात लपलेली वेळ, जागा, मोबाइलची खूण, सगळं लेकीने पुसून काढलं. मग म्हणाली, "वरून जे दिसतं ते मात्र तूच तपास. तुमच्या कामातलं मला काय कळतं?"

आईने चष्मा लावून तपासलं. बांगडी नाही, बोट नाही, काचेत चेहरा नाही. पाठवला.

पट्टी तिच्या नजरेत आलीच नाही. हातमोजे घातले की पट्टीचं टोक नखाला सापडत नाही, म्हणून ती लावतानाच टोक आत दुमडून ठेवायची. बावीस वर्षं. स्वतःचं चालणं माणसाला कुठे दिसतं?

आणि ही खोड तिने आणखी एकीला लावली होती.

खोलीतल्या माना हळूहळू तिकडेच वळल्या. धाकटी सिस्टर. नोकरी आठ महिन्यांची, तीही कच्ची. फिल्टर धुवायच्या खोलीत सध्या तिचीच ड्युटी.

"मोबाइल द्या," मॅनेजर म्हणाला. "आणि उद्यापासून यायचं नाही. दुसरीकडे नोकरी कशी मिळते तेही बघतो मी."

धाकटीने मोबाइल टेबलावर ठेवला. तिने एकदाच, अगदी एकदाच, मागे मोठ्या सिस्टरकडे पाहिलं. टोक दुमडायला कुणी शिकवलं ते तिला पक्कं माहीत होतं. मग तिने मान खाली घातली आणि गप्प राहिली.

ते गप्प राहणं मोठ्या सिस्टरला झोंबलं. तिन्ही पाकिटं शाबूत होती. ती बोलली नाही तर जन्मात कुणाला पत्ता लागणार नव्हता. नुसतं उभं राहायचं होतं, गुडघे धरून.

"ते टोक माझं आहे," ती म्हणाली.

मॅनेजर हसला. "सिस्टर, तुम्हाला रजेचा अर्ज मोबाइलवरून भरता येत नाही. कुणाला पाठीशी घालताय?"

दोघंतिघं फिसकन हसलीसुद्धा. एवढं मोठं कबूल करावं आणि कुणी खरंही मानू नये, याचा तिला भयंकर राग आला. रागाने तिचा आवाज उलट खाली गेला.

"त्या लेबलाखाली अजून दोन लेबलं आहेत. फोटोत दिसत नाहीत. मी सोलून पाहिली आणि परत चिकटवली. फिल्टर अजून कपाटातच आहे. आणा आणि सोला, सगळ्यांसमोर."

कोणी कपाटाकडे गेलं नाही. मॅनेजरने टीव्ही बंद केला.

"निघा. आत्ताच्या आत्ता."

"तीन नंबरच्या आजोबांची वेळ भरत आलीय. सुया काढते, मग निघते." मग धाकटीकडे वळून म्हणाली, "मोबाइल उचल तुझा."

वॉर्डात यंत्रं आपापली घरघरत होती. तिने आजोबांच्या हातातल्या सुया काढल्या, गॉज ठेवला आणि दोन बोटांनी दाबून धरला. रक्त थांबेपर्यंत दहा मिनिटं असंच दाबून ठेवावं लागतं, आणि मध्ये सोडून चालत नाही. दारात वॉचमन तिची पिशवी घेऊन उभा राहिला.

"झालं का हो?" आजोबांनी विचारलं.

"अजून चार मिनिटं. हात हलवू नका."

वॉचमनने पिशवी हळूच खाली ठेवली.