दाराच्या मुठीला बांधलेला शेला

स्पेनमधल्या कॅटालोनियातल्या व्हालरोजा गावचे माणसांचे मनोरे एवढे उंच, की एकदा सगळ्यात वरच्या थरावरची मुलगी उतरताना घंटाघरावरच्या करकोच्याची अंडी मोजून आली. खोटं वाटत असेल तर करकोच्याला विचारा! पण मनोरा उभा राहतो तो तळाच्या गर्दीच्या बळावर, आणि त्या गर्दीत तीस वर्षं एकच जागा धरून उभा होता फेरिओल पाववाला. बायको गेल्यापासून भट्टी आणि ही गर्दी, एवढाच त्याचा गोतावळा.

मनोऱ्याचा पोशाख ठरलेला. पांढरी विजार आणि कमरेला दहा हात लांब काळा शेला. एकानं टोक ताणून धरायचं आणि दुसऱ्यानं गिरक्या घेत त्यात स्वतःला गुंडाळून घ्यायचं. फेरिओलचं टोक तीस वर्षं रेमेई धरत आली. रेमेई म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, सत्तरीची बाई. कुठल्याही भांड्याचं झाकण उघडून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

त्या वसंतात फेरिओल सामानाच्या खोलीत जाऊन, शेल्याचं टोक दाराच्या मुठीला बांधून, एकटाच गिरक्या घेऊ लागला.

"काय रे, माझ्यापेक्षा मूठ देखणी वाटायला लागली का?" रेमेईनं विचारलं.

"मूठ बडबडत नाही," तो म्हणाला. पण हसला नाही.

गावाला काय, तेवढंच पुरलं! कुणी म्हणालं, त्यानं कमरेवर परक्या बाईचं नाव गोंदवलंय. कुणी म्हणालं, खालच्या आळीच्या संघानं त्याला फितवलं. आणि मग त्यानं आपल्या मनोऱ्याच्या संघाचा प्रमुख नार्सिस याला सांगूनच टाकलं, "यंदाच्या उत्सवाला मी नाही. माझी जागा दुसऱ्याला द्या."

"फितूर!" कुणीतरी पुटपुटलं.

"त्याचा पाव एक वेळ शिळा निघेल," रेमेई कडाडली, "पण तो नाही! कारण दुसरंच आहे काहीतरी."

ते कारण तिला न शोधताच सापडलं. गुरुवारच्या बसनं ती नेहमीसारखी तालुक्याला गेली आणि औषधाच्या दुकानात शिरली, तर समोर फेरिओलची भलीमोठी पाठ आणि बगलेत भलंमोठं पुडकं!

"काय घेतलंस?"

"पाव गुंडाळायचा कागद."

"औषधाच्या दुकानात?"

फेरिओल कानापर्यंत लाल झाला. मग हळूच म्हणाला, "प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून वजन पेललं, खोकलो, की लघवी सुटते. डायपर लावतो. शेला ताणताना तुझ्या हाताला लागला असता तर? आणि पांढरी विजार, रेमेई! सगळ्या चौकासमोर!"

रेमेईनं आपली पिशवी उघडून पुढे केली. मग दुकानदाराला म्हणाली, "माझं नेहमीचं द्या."

तसंच पुडकं! जरा लहान, एवढंच.

"तीन बाळंतपणं झाली," ती म्हणाली. "शिंकले की संपलंच. अकरा वर्षं येतेय या बसनं."

"अकरा वर्षं? आणि तू माझं टोक धरत होतीस?"

"मग? माझा हात लागून तुझा शेला बाटला का? वेड्या, ज्यांच्या खांद्यावर आठ थर सोपवतोस, त्यांच्यावर एवढंसं सोपवता येत नाही तुला?"

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. ढगाळ दिवशी काळा चष्मा लावून कोण आत यावं? संघप्रमुख नार्सिस!

"मी आपलं... सर्दीचं औषध..." तो म्हणाला.

"व्हालरोजाचे ना तुम्ही सगळे?" दुकानदार म्हणाला. "गुरुवारी एक जादा बस सोडायला सांगा बुवा!"

आधी रेमेई हसली, मग तिघंही हसले. रेमेई तर इतकी हसली, की पुडकं तिथंच फोडावं लागलं.

शुक्रवारच्या सरावाला ती बाकावर चढली. "मी फक्त माझं सांगणार आहे. ज्याचं त्यानं सांगावं, नाहीतर गप्प बसावं." आणि तिनं सांगितलं. मग नार्सिसनं हात वर केला. मग फेरिओलनं. शेवटी हात झाले सात. मला विचाराल तर सत्तर! फितूर म्हणणाऱ्याचाही हात वर होता.

त्या दिवसापासून सामानाच्या खोलीतल्या मलमपट्टीच्या फळीवर डायपरची पुडकी उघड्यावर दिसू लागली, शेजारी धुतलेल्या विजारी. दवाखान्यातली, लघवी आवरायचे व्यायाम शिकवणारी बाई मंगळवारी येऊ लागली. "सोसत बसू नका," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "डॉक्टरांना विचारा. पुष्कळांना बरं वाटतं."

उत्सवाच्या दिवशी फेरिओल शेला घेऊन रेमेईसमोर उभा राहिला. "घट्ट धर." गिरक्या घेत घेत तो तिच्यापर्यंत पोचला, तीस वर्षं पोचत होता तसाच.

सातवा थर चढला तेव्हा खांदे करकरले. पाठीशी छाती लावून उभ्या नार्सिसनं विचारलं, "फेरिओल, काय रे?"

"सुटली."

"माझीही. हलू नकोस!"

कुणीच हललं नाही. आठव्या थरावर मुलीचा हात आभाळात गेला आणि चौक दणाणला!

मंडळी, शरीर कधी ना कधी प्रत्येकाचं गळतं. त्यात लाज कसली? ते लपवायला आपण आपलीच माणसं सोडतो, नुकसान होतं ते तिथं. दाराची मूठ टोक धरील, पण "काय रे?" म्हणून विचारणार नाही. ते माणूसच विचारतं. पण आधी टोक त्याच्या हातात द्यावं लागतं.

सामानाच्या खोलीतली ती मूठ फेरिओलच्या वजनानं अजून ढिली आहे. दुरुस्त कुणी केली नाही. लागतेय कुणाला?