पोटमाळ्याची कडी

चंदननगरातल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत तीन माणसं राहत, आणि खोलीची सगळी शिस्त काजलच्या हातात होती. पलंग विटांवर उचललेला, त्याखाली धान्याच्या कोठ्या, कोठ्यांमागे गोणपाटात शिवलेल्या हिवाळ्यातल्या रजया. मोठ्या पातेल्यात लहान, लहानात वाट्या. बर्डीच्या बाजारातल्या एका साडीच्या दुकानात गोदाम लावायचं काम ती सहा वर्षं करत होती. रोज काय लागतं, सणाला काय लागतं आणि वर्षातून एकदाच काय लागतं एवढं कळलं की जागा सापडतेच, असं ती म्हणे.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी या खोलीत फ्रीज आला. आधी गाद्या आल्या होत्या, मग वॉशिंग मशीन, मग दोन कूलर. महिनाभराने काजलचं लग्न होतं. मुलगा महाल भागातला, सुशील, मोबाइलच्या दुकानात कामाला. बैठकीत त्याची आई प्रयागबाई सर्वांसमोर म्हणाली होती, "आम्हाले हुंडा-बिंडा काही नाही पाह्यजे. पोरीच्या वापरायचं सामान तेवढं द्या." यादी मात्र दुसऱ्या दिवशी मोबाइलवर आली आणि त्यानंतर दोनदा वाढली.

फ्रीजच्या खोक्याने देवाची फळी झाकली, तेव्हा काजलची आई मीराबाई हिने देव उचलून खोक्यावरच मांडले. बाबा, प्रेमानंद, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय होते. ते आता दारापुढच्या टिनाखाली झोपू लागले. मीराबाई शेगडीपुढे गुडघे आवळून बसे.

"महिनाभर कळ काढ वं," ती म्हणे. "मग सामान जाईन, तूही जाशीन."

एका दमात दोन्ही म्हटलेलं काजलला बरं वाटलं नाही.

कपाट बनवून घ्यायचं होतं, म्हणून माप घ्यायला प्रयागबाईने मायलेकींना बोलावलं. महालातल्या त्या बोळात दोन माणसं शेजारून चालू शकत नसत. शेजारच्या दारात चिंच फोडत बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "माप घ्याले आल्या काय?" आणि उत्तराची वाट न पाहता मान खाली घातली. ती रंभाबाई. तिची आणि प्रयागबाईची भिंत एकच होती.

घर म्हणजे पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्यावर टिनाखालचा पोटमाळा. काजलची नजर सवयीने कोपरे मोजू लागली. मशीनवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, त्यावर टीव्ही ठेवला होता. दिवाणावर दिवाण चढवला होता. डिनर सेटची खोकी छतापर्यंत गेली होती. हे सगळं थोरल्या सुनेचं आंदण. थोरला मुलगा अंकुश ट्रकवर ड्रायव्हर होता, महिन्यातले वीस दिवस बाहेर.

"यात माझं सामान कुठं बसन, काकू?" काजलने विचारलं.

"होते जागा," प्रयागबाई हसून म्हणाली. "हिचं सरकवू थोडं."

"ही" म्हणजे श्वेता. पंचविशीची, हातपाय काड्यांसारखे. ती टेपचं दुसरं टोक धरायला पुढे आली. भिंतीशी वाकताना काजलच्या लक्षात आलं की या घरात श्वेताने आणलेल्या प्रत्येक वस्तूला जागा आहे, फक्त तिच्या कपड्यांना नाही. तिच्या साड्या न्हाणीच्या दाराजवळ खिळ्याला टांगलेल्या एका पिशवीत होत्या. कपाटाची किल्ली प्रयागबाईच्या कमरेला होती.

मग काजलने वर पाहिलं. पोटमाळ्याच्या झडपेला कडी होती, आणि ती बाहेरून होती.

"कडी काहून लावली?"

"मांजर शिरते," प्रयागबाई म्हणाली आणि मीराबाईला चहा द्यायला पुढच्या खोलीत गेली.

श्वेताने टेप जमिनीला टेकवून धरला. वर न पाहता ती हळूच म्हणाली, "दुपारी ठेवतेत मले. दिवस उतरला का काढतेत."

काजलला आधी वाटलं, ती एखाद्या वस्तूबद्दल बोलते आहे.

"कोणाले?"

"मलेच. माझ्या भावानं गाडी दिली नाही, म्हणून सुरू केलं. आता गाडीचं नावही नाही निघत. त्यांले सवय झाली." तिने टेपवरचा आकडा वाचला. "साडेपाच फूट. लिहून घ्या."

पुढच्या खोलीत सुशील मोबाइल पाहत बसला होता. त्याला आतलं ऐकू गेलं असेल. त्याने मान वर केली नाही.

घरी आल्यावर काजलने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मी नाही करत हे लग्न."

मीराबाईने खोक्यावरचे देव सरळ केले. "पत्रिका वाटल्या," ती म्हणाली. "तिचं नशीब वेगळं, तुझं वेगळं. तू सगळं घेऊन चालली, तुले कोण काय म्हणन?"

"तिनंही नेलंच होतं, माय."

प्रेमानंद अंथरूण उचलून बाहेर गेले.

आठ दिवस असेच गेले. काजल दुकानात जाई, साड्यांचे गठ्ठे लावी. दुपारचे दोन वाजले की तिचा हात थांबे. मे लागला होता. गोदामात पंख्याखालीसुद्धा अंगाची लाही होत होती, मग टिनाखाली काय होत असेल? एकदा तिने पोलिसांचा नंबर लावला आणि पलीकडून आवाज येण्याआधी बंद केला. आपल्याकडे काय पुरावा, असं तिने स्वतःला समजावलं. खरं म्हणजे ती घाबरली होती. मोडलेल्या लग्नाच्या मुलीचं पुढे काय होतं हे तिने मोहल्ल्यात पाहिलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी प्रेमानंद दवाखान्याच्या गणवेशातच दुकानात आले. चेहरा उतरलेला.

"सकाळपासून उन्हाचे चार पेशंट आले," ते म्हणाले. "एक टिनाच्या शेडमधला होता. गेला. मीच त्याले झाकलं." त्यांनी तिच्या हातातला गठ्ठा काढून बाजूला ठेवला. "टेप घे. पुन्हा माप घ्याचं आहे म्हणू."

प्रयागबाईने दार अर्धंच उघडलं. "आज काहून आले? श्वेता नाही घरी. उमरेडले गेली, माहेरी."

"कपाटवाल्याले झडपेची उंची पाह्यजे," काजल म्हणाली आणि तिच्या बगलेतून आत शिरली. न्हाणीजवळची पिशवी खिळ्यालाच होती. माहेरी जाणारी बाई एक साडीही नेत नाही?

तिने लोखंडी शिडी झडपेला लावली. प्रयागबाई मागून पदर ओढत होती, "पोरी, उतर खाली, आमच्या घरचं आम्ही पाहू." प्रेमानंद मध्ये उभे राहिले. त्यांनी त्या बाईला हात लावला नाही. फक्त शिडीपुढून हलले नाहीत.

कडी तापली होती. काजलने ओढणी गुंडाळून ती सरकवली. झडप उघडताच भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ आली. आत गाद्यांची गुंडाळी, पितळेची भांडी, पाळण्याचं न उघडलेलं खोकं, आणि त्यांच्यामध्ये, उरलेल्या जागेत पाय पोटाशी घेऊन श्वेता. डोळे अर्धे उघडे होते. हाक मारली तरी ते फिरले नाहीत. अंग कोरडं आणि फणफणलेलं.

दोघांनी तिला चादरीत घालून खाली उतरवलं. प्रेमानंदांनी मानेला, काखेत ओले फडके ठेवले. काजलने फोन लावला आणि या वेळी पलीकडून आवाज आल्यावर स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं.

श्वेता वाचली. तीन दिवस दवाखान्यात तिला माणसं ओळखू येत नव्हती. चौथ्या दिवशी तिने उमरेडहून आलेल्या भावाकडे पाणी मागितलं. भाऊ पलंगाशी बसून एकच म्हणत होता, "ताई, फोनवर तर तू बरी आहे म्हणत होती." प्रयागबाई आणि अंकुश यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. सुशीलने जबाबात सांगितलं, "मले काही माहीत नाही, मी दुकानात राहतो." काजलच्या घरून लग्न मोडल्याचा निरोप गेला, आणि तो मीराबाईने स्वतः जाऊन दिला. काही दुकानदारांनी सामान परत घेतलं, काहींनी नाही. मोहल्ल्यात लोक बोलले. अजूनही बोलतात.

पाचव्या दिवशी एक महिला हवालदार शेजाऱ्यांचे जबाब घ्यायला बोळात आली. काजलही सोबत गेली. चार घरांत कोणी काही पाहिलं नव्हतं. त्यांतल्या एकाने दारच उघडलं नाही. एका बाईने सांगितलं, "चांगली माणसं आहेत हो, कधी भांडण नाही."

पाचवं दार रंभाबाईचं. आतून पाट आणून तिने हवालदारबाईला दिला आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

"दोन उन्हाळे," ती म्हणाली. "दुपारी भिंतीवरून थप् थप् आवाज ये. आधी वाटलं मांजर आहे. मग समजलं, का मांजर नाही."

"मग तुम्ही काय केलं?"

म्हातारीने आपल्या हातांकडे पाहिलं.

"कूलर मोठा करत होती मी," ती म्हणाली. "आवाज आला का उठून मोठा करी. लिहा बाई. माझ्या नावानं लिहा."

हवालदारबाईने लिहून घेतलं. रंभाबाईने अंगठा उठवला आणि तो बराच वेळ पदराला पुसत राहिली. काजलने सहाव्या दाराशी जाऊन ते ठोठावलं. आत कूलर चालू होता. तिने पुन्हा ठोठावलं, जोराने.