डाव्या मडगार्डचा पोचा

बाबा अडतीस वर्षं एकाच गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढत होते. चेपलेलं दार, ठोकलेलं मडगार्ड त्यांच्यापुढे यायचं आणि असं होऊन जायचं, की मालकालाही नेमकी जागा दाखवता येऊ नये. रंग जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. उन्हाने विटलेल्या पांढऱ्यात किती थेंब पिवळा आणि किती काळा घालायचा, हे ते नुसतं गाडीकडे बघून सांगायचे.

घरी आल्यावर मात्र ते तेच पोचे पुन्हा बनवायचे.

प्लास्टिकच्या सुट्या भागांचा संच आणून गाडीची हुबेहूब प्रतिकृती करायची, हा त्यांचा छंद. प्रमाण एकास चोवीस, म्हणजे वीतभर लांबीची गाडी. संचाच्या खोक्यावरच्या चित्रात गाडी नवीकोरी असे. बाबांची तशी कधीच झाली नाही. गॅरेजात आलेली एखादी गाडी मनात भरली, की दुरुस्तीला हात लावण्याआधी ते तिचे पोचे आणि ओरखडे मोजून कागदावर उतरवत, आणि मग छोट्या गाडीवर तेवढेच, त्याच जागी करत. चमचा तापवून त्याच्या पाठीने प्लास्टिक हलकेच आत दाबायचं. कडेचा रंग सुईच्या टोकाने उडवायचा. एका पोच्याला कधीकधी आठवडा लागे.

"दिवसभर हेच बघता, वीट नाही येत?" मी एकदा विचारलं होतं.

"अगं, तिथे मालक डोक्यावर उभा असतो. त्याला ते दिसायला नको असतं," ते म्हणाले. "पण मला दिसलेलं असतं ना."

असा छंद असणाऱ्यांचं एक मंडळ होतं. दर वर्षी त्याचं प्रदर्शन भरे आणि दर वर्षी बाबांच्या गाडीला सफाईत सर्वांत कमी गुण मिळत. "गॅरेजात पहिला नंबर, इथे नापास," म्हणून ते स्वतःच हसायचे. पुढच्या वर्षी पुन्हा एक चेपलेली गाडी घेऊन जायचे.

बाबा गेल्यानंतर दोन महिन्यांनी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. यंदा बाबांच्या अकरा गाड्यांचं वेगळं टेबल मांडायचं ठरलं होतं. मी हो म्हटलं. गाड्या न्यायला अध्यक्ष आले तेव्हा मी कामावर होते, म्हणून आत्याने, बाबांच्या धाकट्या बहिणीने, कपाट उघडून दिलं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी दहाला मी आणि आत्या हॉलवर पोचलो. टेबल दारासमोरच होतं. मागे दहा गाड्या ओळीने, आणि पुढे, उंच पाटावर, काचेच्या पेटीत एकटी पांढरी गाडी. ती आत्याच्याच जुन्या गाडीची प्रतिकृती होती. लख्ख दिसत होती. मी वाकून डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून.

"हिच्या डाव्या मडगार्डला पोचा होता," मी म्हणाले.

"काढला!" अध्यक्षांचा चेहरा खुलला. "पुट्टी भरली, घासली, रंगाचे तीन हात दिले. तीन दिवस बसलो होतो. कळतंय कुठे होता?"

"नाही."

"बघा! बाकीच्या आहेत तशाच ठेवल्यात, माझी काही तक्रार नाही. पण एक तरी नीट हवी ना? लोकांना कळायला नको, की यांनाही सफाई जमत होती?"

"साहेब, माझ्या वडिलांना पोचा काढता येत नव्हता, असं वाटलं का तुम्हाला?"

अध्यक्षांनी आत्याकडे पाहिलं. "तुमच्या आत्याबाईच म्हणाल्या, पांढरी घ्या म्हणून."

आत्या पर्सची चेन उघडझाप करत होती. "मग काय चुकलं? जन्मभर लोकांच्या गाड्या चकचकीत केल्या दादाने. त्याच्या नावावर एक तरी धड गाडी नको? मेल्यावर तरी कौतुक होऊ दे की त्याचं. तू कशाला आडवी येतेस?"

"हे त्यांचं काम नाही, आत्या. कौतुक झालं तर ते यांच्या पुट्टीचं होईल."

"जीभ बघा!" आत्या अध्यक्षांना म्हणाली. "बापावर गेलीय."

शेजारच्या टेबलावर, वाटेत काही मोडलं-तुटलं तर हाताशी असावं म्हणून, चिमटे, गोंद आणि ब्लेड ठेवलेलं होतं. मी ब्लेड घेतलं आणि काचेची पेटी उचलून बाजूला ठेवली.

"अहो, काय करताय?" अध्यक्ष पुढे आले. "अकरा वाजता परीक्षक येतील! तीन दिवस लागलेत मला!"

"मला दहा मिनिटं लागतील."

ते माझा हात धरू शकत नव्हते आणि गाडीही ओढू शकत नव्हते, कारण ओढली असती तर आरसे तुटले असते. या छंदातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

मी बाबांच्या शेजारी बसून अनेक संध्याकाळी पुस्तकं वाचली, पण ब्लेड कधी हातात धरलं नव्हतं. पोचा चाकाच्या वर होता एवढं मला आठवत होतं, निदान आठवतं असं वाटत होतं. गुळगुळीत पांढऱ्यावर काहीच खूण नव्हती. मी चाकाच्या कमानीवर पातं टेकवून खरवडायला सुरुवात केली. रंगाची भुकटी पडली आणि खाली पुट्टी लागलीच नाही. करडं प्लास्टिक उघडं पडलं. ब्लेड सटकलं आणि दाराच्या कडेपर्यंत एक लांब ओरखडा उमटला.

"घ्या," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "आता ना त्यांची राहिली, ना माझी."

खरं होतं ते. मी हात थांबवला. आजूबाजूच्या टेबलांवरची दोनचार माणसं बघत होती. पण ब्लेड खाली ठेवलं असतं तर अध्यक्षांनी हा ओरखडाही बुजवला असता आणि ही गाडी कायमची धड झाली असती. मी पुन्हा पातं टेकवलं, बोटभर पुढे.

"तिथे नाही," आत्या मागून म्हणाली.

मी वळून पाहिलं.

"खाली. दिव्याच्या खाली, बंपर सुरू होतो तिथे. मी ठोकलीय ती गाडी, मला माहीत नसणार?"

"तू? उभ्या गाडीला कुणीतरी ठोकून गेलं होतं ना?"

"ते ह्यांना सांगितलं होतं." ह्यांना म्हणजे तिच्या नवऱ्याला. तेही आता नाहीत. "गाडीला हात लावायचा नाही, अशी तंबी होती मला. गेले एकटी घेऊन. काही काम नव्हतं, उगाच, बघू जमतं का म्हणून. दोन तास छान चालवली. परत येताना पार्किंगच्या खांबाने घात केला."

"खांबाने?"

"तू गप बस. रडत दादाकडे गेले. त्याने एका शब्दाने विचारलं नाही. आणि घरी बसून हे केलं! अकरा वर्षं कपाटात बघतेय मी. आता चारचौघांत मांडणार म्हटल्यावर मला ते नको झालं." ती अध्यक्षांकडे वळली. "म्हणून म्हटलं, पांढरी घ्या. बास?"

मी दिव्याखाली पातं टेकवलं. या वेळी पांढऱ्याखाली मऊ, पिवळसर पुट्टी लागली. ती अजून पुरती वाळली नव्हती. पापुद्र्यापापुद्र्याने निघाली. खळगा हळूहळू खोल होत गेला आणि तळाशी बाबांचा रंग लागला, तो विटका पांढरा. त्यावर केसाएवढी एक पिवळी रेघ होती. आत्याने चष्मा वर ढकलून नाक गाडीला लावलं.

"खांबाचा पिवळासुद्धा लावलाय मेल्याने," ती म्हणाली.

'मेल्याने' हा शब्द तोंडातून गेल्यावर तिलाच ऐकू आला. तिने टेबलाची कड धरली. मी पुट्टीचे कण फुंकत राहिले, नाहीतर मलाही काहीतरी बोलावं लागलं असतं.

अध्यक्षांनी वाकून खळगा पाहिला. "काम बारीक आहे," ते म्हणाले. "पण ओरखड्यासकट ही पुढे नाही ठेवता येणार. निदान मागच्या ओळीत घेऊ."

"पुढेच राहील," मी म्हणाले. "काच नको."

अकराला परीक्षक आले. हातात कागद, कानाला पेन्सिल. पहिल्याच टेबलाशी थांबले आणि पांढऱ्या गाडीवर वाकून त्यांनी भुवया उंचावल्या. "हे प्रवासात झालं का? की मुळातलं आहे?"

अध्यक्ष काही बोलणार, तेवढ्यात आत्या पर्स काखेत मारून दोघांच्या मध्ये घुसली.

"गाडी माझी, ठोकली मी, पोचा घडवला माझ्या दादाने," ती म्हणाली. "आणि तो ओरखडा आमच्या या पोरीचा. झालं? आता काय लिहायचं ते लिहा."