तिसरं बटण

माझ्या एप्रनचं तिसरं बटण काजापेक्षा अर्धा सेंटिमीटर खाली आहे. ते शिंपीणकाकूंनी लावलं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईंना हे सांगायचं धाडस आमच्या वृद्धाश्रमात कुणालाच होत नाही. सगळेच जरा तिरके हिंडतो.

काकूंचा डावा डोळा कधीच गेला. उजव्यात मोतीबिंदू पिकलाय. तीनदा त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, तिन्ही वेळा डॉक्टरांनी विचारलं, "ऑपरेशन करायचं ना?" आणि तिन्ही वेळा काकूंच्या कानातलं मशीन बंद. सोबत गेलेल्यांनी कागदावर लिहून आणलं: ऐकू आलं नाही, निर्णय पुढे.

चौथ्या खेपेची तयारी मी केली. गोळ्यांची वेळांसकट यादी, जुने रिपोर्ट, सकाळी तपासलेल्या साखरेचा आकडा, दोन बिस्किटं, शाल. मशीनची बॅटरी सहा दिवस चालते. मी निघताना नवी घातली आणि दोन जादा खिशात टाकल्या.

"एवढं सामान? लग्न लावतेस की काय माझं?"

"डॉक्टर चालतील?"

"टक्कल आहे त्याला. तेवढं दिसतं मला."

तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि काकूंचा हात कानाकडे गेला, तिथून रुमालात. "बॅटरी संपली गं बाई."

मी तळहातावर नवी धरली आणि त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाले, "रुमालातली राहू द्या."

"फार आगाऊ आहेस," काकू हसू दाबत म्हणाल्या. मग हळूच, "उरलाय एकच डोळा. तोही बिघडला तर सुई कायमची सुटेल हातातून."

नवी बॅटरी घालून मशीन कानात बसवायला मी वाकले. आधाराला त्यांनी माझा एप्रन धरला. बोटं बटणांवरून खाली उतरली, तिसऱ्यावर थांबली, काजाकडे गेली, परत आली.

"हे कुठल्या आंधळ्यानं लावलं?"

मी मशीन चालू केलं. डॉक्टर उगीचच कागद सारखे करू लागले.

"मी?"

"तुम्हीच."

"आणि बाकीच्यांची?"

"बाहीच्या बटणानं मॅनेजरसाहेबांचा एक हात आखूड झालाय."

काकू खुर्ची हलेपर्यंत हसल्या. रुमालानं डोळे पुसताना त्यात लपवलेली बॅटरी टणकन फरशीवर पडली. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"डॉक्टर," काकू ताठ बसत म्हणाल्या, "करायचं ऑपरेशन. तारीख लवकरची द्या. उसवायचं काम फार साठलंय."