कोल्लोची तान

आमच्या स्किकदा बंदरातल्या कमानींच्या रस्त्यावर दोन न्हावी समोरासमोर दुकान मांडून बसले होते आणि तीस वर्षं एकमेकांची गिऱ्हाइकं मोजत होते. समुद्राकडून येताना डाव्या हाताला लखदर, उजव्या हाताला बूजमा. एकाने खुर्चीला नवं कातडं चढवलं की आठवड्याच्या आत दुसऱ्याकडे नवा आरसा यायचा. बूजमाने दाढीनंतर संत्र्याच्या फुलांचं पाणी शिंपडायला सुरुवात केली, तेव्हा लखदरने गरम टॉवेल काढला. खरं सांगायचं तर दोघांचा हात सारखाच हलका होता आणि तोंड सारखंच चालू. गिऱ्हाईक कुठे शिरणार, हे बहुतेक वेळा सावली कोणत्या कमानीखाली आहे त्यावर ठरायचं. पण हे त्या दोघांना सांगणार कोण?

ही चुरस मात्र वरवरची. खरी चुरस होती दारावर टांगलेल्या पिंजऱ्यांची. मकनीन म्हणजे चिमणीपेक्षाही लहान पक्षी, तोंड लाल, पंखावर पिवळा पट्टा, आणि त्याच्या पायी आमच्याकडची चांगली शहाणीसुरती माणसं कामातून जातात. दर वसंतात चौकातल्या कॉफीच्या दुकानात पिंजरे ओळीने टांगले जातात आणि तीन म्हातारे पंच हातात पेन्सिल घेऊन कान टवकारून बसतात. कोणाच्या पक्ष्याने किती ताना घेतल्या, किती स्वच्छ घेतल्या, ते लिहितात. जिंकणाऱ्याला पितळेचं तबक मिळतं, वर्षभर दुकानात मिरवायला. अकरा वर्षांत नऊ वेळा ते बूजमाच्या भिंतीवर होतं. लखदर बहुतेक वेळा दुसरा यायचा, आणि दुसऱ्याला आमच्याकडे नुसती कॉफी पाजतात.

बूजमा म्हणायचा, पक्षी काय आपल्यासाठी गातो होय? समोर दुसरा नर दिसला की तो ओरडून सांगतो, हे झाड माझं आहे, तू चालता हो. आपण मधल्या मधे माना डोलवतो. लखदरला हे पटायचं, पण बूजमाचं म्हणणं पटलं असं तो कधी कबूल करायचा नाही.

बूजमाच्या म्हाताऱ्या पक्ष्याचं नाव पाशा. त्याची तान कोल्लो गावाच्या मागच्या डोंगरातली. बूजमाच्या आजोबांनी तिथला एक पक्षी आणला होता. त्याच्याजवळ बसून दुसरा शिकला, दुसऱ्याजवळ तिसरा, असं करत ती तान पाशापर्यंत आली होती. आता त्या डोंगरात मकनीन औषधालाही सापडत नाही, कारण आपल्याच लोकांनी पक्षी धरायला चिकट काड्या लावून लावून डोंगर रिकामे केले. ती तान अख्ख्या मुलखात एका गळ्यात उरली होती. तिच्या शेवटी उंचावरून पेल्यात चहा ओतावा तसा स्वर लांब उतरत यायचा. तो यायला लागला की कॉफी पिणारे पेले हातात धरून थांबायचे.

तान शिकवणं हे मोठं जिकिरीचं काम असतं. पिल्लाची पहिली पिसं गळायच्या आत त्याच्या पिंजऱ्यावर कपडा टाकून त्याला गुरूशेजारी ठेवायचं आणि महिनोन्‌महिने गुरूशिवाय दुसरा आवाज कानावर पडू द्यायचा नाही. चिमणी असो, कॅनरी असो, कुरकुरणारं दार असो, जे कानात जातं ते गळ्यात बसतं आणि मग जन्मात निघत नाही. म्हणून आमचे शौकीन एक वेळ घरात तेल नसलं तरी चालवून घेतात, पण दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालतात.

एका वर्षी लखदरने आपलं एक पिल्लू एका उन्हाळ्यापुरतं पाशाजवळ बसवू दे म्हणून विचारलं होतं. मनाची तयारी करायला त्याला महिना लागला होता. बूजमाने भरल्या दुकानात हसून सांगितलं, "तू आपला गरम टॉवेल सांभाळ, लखदर. आजोबांची तान काय भाड्याने मिळते?" गिऱ्हाइकं हसली. लखदरही हसला आणि रस्ता ओलांडून आपल्या दुकानात आला. तेव्हापासून ते बोलणं त्याच्या घशात काट्यासारखं अडकून होतं.

मग एका उन्हाळ्यात बूजमाचे पाय सुजायला लागले. मूत्रपिंडाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी कॉन्स्टंटीनच्या इस्पितळात बोलावलं. बूजमाचं घर बसस्थानकाला लागून, दिवसभर भोंगे. म्हणून पक्षी तो दुकानामागच्या खोलीत ठेवायचा. त्या वर्षी तिथे पाशा होता आणि शेजारी कपड्याखाली शिकायला बसवलेलं एकच पिल्लू. जायच्या आदल्या दिवशी बूजमा काठी टेकत रस्ता ओलांडून आला आणि त्याने लखदरच्या हातात किल्ली ठेवली.

"मला?" लखदर म्हणाला.

"मग कोणाला देऊ? बायकोला? यमीना त्यांना खजूर भरवेल. बाकीचे शौकीन एकजात चोर आहेत. तू नुसता वैरी आहेस." मग त्याने बजावलं, मागची खिडकी उघडू नकोस, पिल्लावरचा कपडा काढू नकोस, पाशाला एक दिवसाआड सफरचंदाची फोड दे. लखदर मान हलवत राहिला. आमच्याकडे ही रीतच आहे. माणसांत कितीही हाडवैर असलं तरी वैऱ्याचा पक्षी तहानलेला ठेवायचा नाही, आणि विश्वासाने दिलेल्या पिंजऱ्याला दगा द्यायचा नाही.

पहिले तीन दिवस त्याने सगळं चोख केलं. पाणी बदललं, दाणे निवडले, खाली नवा कागद घातला. चौथ्या दिवशी तो तिथेच बादली पालथी घालून टेकला असताना पाशा गायला लागला. चहा ओतल्यासारखा तो स्वर खाली उतरला आणि लखदरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने आयुष्यात इतक्या जवळून ते ऐकलं नव्हतं. कपड्याखालचं पिल्लू बारीक आवाजात पुटपुटत होतं. लखदरच्या मनात आलं, पाशा म्हातारा झाला, पण हे पोर आता आणखी दहा वर्षं मला दुसरा ठेवणार.

त्या संध्याकाळी त्याने घराच्या अंगणात टोपलीखाली एक चिमणी पकडली. दुसऱ्या दिवशी ती पिंजऱ्यात घालून त्या खोलीत टांगली, पिल्लाच्या अगदी जवळ. चिमणी दिवसभर चिवचिवत राहिली. चार दिवस ती तिथे होती. पाचव्या दिवशी त्याला स्वतःचीच किळस आली. त्याने चिमणी सोडून दिली, खोली झाडली, भिंतसुद्धा पुसली. चार दिवसांत काय होतंय, असं तो मनाला सांगत राहिला.

बूजमा परत आला तो अर्धा होऊन. किल्ली घेताना त्याने कागदात बांधलेली मध-अक्रोडाची जौझिया लखदरला दिली, खास कॉन्स्टंटीनहून आणलेली. लखदरने ती गिऱ्हाइकांना वाटून टाकली. स्वतः एक तुकडाही घेतला नाही.

हिवाळ्यात पाशा मेला. बूजमाने तीन दिवस दुकान बंद ठेवलं आणि गावाने त्याची थट्टा केली. लखदर भेटायला गेला तेव्हा बूजमा म्हणाला, "गेला तो गेला. पोर आहे ना. परवा त्याने शेवटचा उतार घेतला, जसाच्या तसा." त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की लखदरला हायसं वाटलं. चार दिवसांत खरंच काही झालं नव्हतं तर.

पण एकटा असताना पक्षी सगळं देत नाही. समोर दुसरे नर दिसले की मग पोटात असेल नसेल ते बाहेर काढतो. वसंतातल्या त्या शुक्रवारी चौकात वीस पिंजरे टांगले होते. बूजमाने कपडा काढला. पोराने मान इकडे तिकडे वळवून सगळ्यांना बघितलं, छाती फुगवली आणि सुरुवात केली. एकेक तान अशी निघाली की बाकीचे पक्षी गप्प झाले. मग तो शेवटचा उतार, उंचावरून ओतलेला चहा. लोकांनी श्वास धरला. आणि तो संपल्या संपल्या, चिव, चिव.

थोरल्या पंचाने पेन्सिल खाली ठेवली. पक्ष्याने पुन्हा सुरू केलं, पुन्हा तितकंच सुंदर, आणि शेवटी पुन्हा चिव, चिव. मागून कोणीतरी म्हणालं, "हाजी बूजमा, चिमणीला रंग लावून आणलंत काय?" कॉफीचं दुकान खदखदून हसलं. बूजमाने पिंजऱ्यावर कपडा टाकायचा प्रयत्न केला, पण कपडा दोनदा घसरला. त्या वर्षी पितळेचं तबक लखदरला मिळालं. बूजमा सगळ्यांच्या आधी पुढे झाला, त्याने हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि काठी टेकत निघून गेला.

लखदरने तबक भिंतीवर लावलं. तिसऱ्या दिवशी काढून टॉवेलांच्या कपाटात ठेवून दिलं. आयुष्यभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते मिळालं होतं आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. उद्या जाऊन सांगू, असं तो रोज ठरवायचा. रोज समोरच्या दारात बूजमा पाय स्टुलावर ठेवून बसलेला दिसायचा आणि उद्यावर उद्या जायचे. शेवटी एके दुपारी तो रस्ता ओलांडून गेला. तोंड उघडायच्या आत बूजमानेच विचारलं.

"लखदर, खरं सांग. मी नसताना ती मागची खिडकी कधी उघडी होती का रे?"

एवढं सोपं करून ठेवलं होतं त्याने. एक वाक्य बोललं की झालं असतं. लखदर त्या सुजलेल्या पायांकडे बघत म्हणाला, "नाही. बंदच होती."

"मग मीच कधीतरी उघडी टाकली असणार," बूजमा म्हणाला. "दुखण्यापासून काही लक्षात राहत नाही बघ. मागच्या अंगणातल्या चिमण्या शिरल्या असतील." त्याने लखदरला बसायला सांगितलं. लखदर बसला नाही.

ऑगस्टमध्ये बूजमा गेला. त्याचं शटर खाली आलं आणि गिऱ्हाइकं सगळी लखदरकडे येऊ लागली. सावली कुठेही असो, या रस्त्यावर आता दुसरीकडे जायला जागाच नव्हती. लखदरला वाटलं होतं तसं काही सुख त्यात नव्हतं. आरसा पुसून कोणाला दाखवायचा?

चाळिसावा दिवस झाल्यावर एका सकाळी बूजमाची बायको यमीना दुकानाच्या दारात उभी राहिली, हातात कपडा टाकलेला पिंजरा. खुर्चीत बंदरातला एक जुना कारकून अर्धी दाढी होऊन बसला होता. लखदर वस्तरा हातात घेऊनच पुढे आला.

"त्यांनी हा तुला द्यायला सांगितलाय," ती म्हणाली. "आणि निरोपही आहे. म्हणाले, पाच वर्षांमागे लखदरने मागितलं तेव्हा त्याचं पिल्लू बसवून घ्यायला हवं होतं. म्हणजे एक तरी तान स्वच्छ राहिली असती. माझ्या हट्टापायी आजोबांची तान बुडाली, त्याला म्हणावं मला माफ कर."

लखदरने वस्तरा खाली ठेवला. खुर्चीत गिऱ्हाईक होतं, दारातून रस्ता ऐकत होता. त्याला ठाऊक होतं की तोंडातून गेलं की संध्याकाळच्या आत कॉफीच्या दुकानात पोचेल, आणि पिंजऱ्याला दगा देणाऱ्याला आमचा गाव परत कधी ओळीत बसू देत नाही. पण आता आणखी गिळणं त्याला शक्य नव्हतं.

"लल्ला यमीना, खिडकी बंदच होती," तो म्हणाला. "चिमणी मी आणली होती. चार दिवस ठेवली. मुद्दाम."

तिने पिंजरा त्याच्या पायाशी ठेवला. मग खालच्या आवाजात सांगू लागली.

"शेवटचे पंधरा दिवस त्यांचं एकच चाललं होतं. यमीना, खिडकी मीच उघडी ठेवली का गं? दिवसातून दहा वेळा. मी म्हणायची, नाही हो, तुम्ही कसे ठेवाल. तरी विचारायचे. मग एक दिवस मी कंटाळले. म्हटलं, हो, तुम्हीच ठेवली असेल. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडले." तिने तळहाताने डोळे पुसले. "मी म्हटलं तसं, लखदर. माझ्या तोंडाने."

लखदर म्हणाला, मला माफ कर. ती म्हणाली, "मी कोण माफ करणारी? ज्याचं गेलं तो गेला." त्याने पिंजरा उचलून तिच्यापुढे धरला, हा ठेवायची माझी लायकी नाही म्हणाला. तिने तो घेतला नाही. "त्यांनी तुला दिलाय. ठेव. आणि रोज ऐक," एवढं बोलून ती पायरी उतरून गेली.

खुर्चीतल्या कारकुनाने स्वतःच टॉवेल घेऊन तोंडावरचा साबण पुसला. पैसे ठेवले, लखदरकडे न बघता उठला आणि अर्धी दाढी तशीच घेऊन रस्त्याला लागला.

त्यानंतर लखदरने पितळेचं तबक पंचांकडे पोचतं केलं आणि स्वतःचे पक्षी देऊन टाकले. वसंतात त्याला कोणी बोलावलं नाही. लोक दाढी करायला दोन गल्ल्या पलीकडे जातात. बूजमाचा पक्षी मात्र त्याच्याकडेच आहे. पहिले काही महिने तो गातच नव्हता. समोरचं दार बंद, पिंजरा नाही, नर नाही, मग सांगणार कोणाला की झाड माझं आहे? मग एकदा लखदरने पिंजरा मोठ्या आरशासमोर टांगला. पक्ष्याला आरशात दुसरा मकनीन दिसला. त्याने छाती फुगवली.

आता रोज सकाळी दुकान उघडलं की लखदर रिकाम्या खुर्चीत आरशाकडे तोंड करून बसतो. तान वर चढते, मग चहा ओतल्यासारखी लांब उतरत येते, आणि तेवढ्यापुरतं त्याला बूजमा समोरच्या दारात बसलेला वाटतो. मग चिव, चिव. लखदर मान खाली घालतो. पक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि तो पुन्हा शेवटपर्यंत ऐकतो.